सुनावणी बाकी

मुंबईचा राजाबाई टॉवर आणि पूर्व लंडनमधलं स्नेअर्सब्रुक क्राउन कोर्ट ही एकाच बापाची लेकरं. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हा दोन्हींचा वास्तुरचनाकार. टॉवरचे नकाशे त्याने लंडनमध्ये बसून काढले; मुंबईत त्याने कधी पाऊलही ठेवलं नाही. स्नेअर्सब्रुकची इमारत त्याच्या उमेदीच्या वर्षांतली, १८४० च्या दशकातली. ती कोर्टासाठी बांधलेलीच नव्हती. पोरक्या मुलांना सांभाळणारं ते वसतिगृह होतं. बाजूला तळं, भोवती झाडी. १९७४ पासून तिथे फौजदारी खटले चालतात. वीस कोर्टरूम असलेलं ते इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या फौजदारी न्यायालयांपैकी एक आहे.

राजाबाईच्या शेजारी मुंबई उच्च न्यायालय. टॉवरचे ठोके मोजत ‘पुढची तारीख’ ऐकणाऱ्या पक्षकारांच्या तिथे कित्येक पिढ्या होऊन गेल्या. आता थोरल्या लेकराच्या अंगणातही तोच शब्द घुमतो आहे. जामिनावर बाहेर असलेल्या आरोपीने २०२५ मध्ये ‘गुन्हा कबूल नाही’ म्हटलं, की खटला उभा राहायला २०२८ किंवा २०२९ ची तारीख पडू लागली.

इंग्लंड आणि वेल्सच्या क्राउन कोर्टांत, म्हणजे आपल्या सत्र न्यायालयांच्या तोडीच्या कोर्टांत, २०१९ च्या शेवटी सुमारे ३८ हजार खटले पडून होते. २०२५ च्या मध्याला ते ७८ हजारांच्या पुढे गेले. खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतल्या तुंबलेल्या प्रकरणांनी तीन लाखांचा आकडा ओलांडला.

मराठी वाचकाला इथे हसू येईल. आपल्या देशात पाच कोटींवर प्रकरणं प्रलंबित असताना ७८ हजारांचं काय ते कौतुक? पण दोन्हीकडच्या उशिराची जात वेगळी आहे. आपल्याकडे खटला सुरू होतो आणि मग अडतो. एक साक्षीदार आज, दुसरा दिवाळीनंतर, उलटतपासणी पुढच्या पावसाळ्यात. इंग्लंडात ज्यूरी एकदा शपथ घेऊन बसली की खटला रोज चालतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत संपतो. त्यामुळे सगळी रखडपट्टी खटल्याच्या आधी. चार वर्षं फाइल कपाटात, मग चार दिवसांत निकाल. त्या चार दिवसांत साक्षीदाराला विचारायचं, त्या रात्री गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात जाकीट कुठल्या रंगाचं होतं. बलात्काराची तक्रार केलेल्या कित्येक बायका एवढी वर्षं तो प्रसंग उशाशी घेऊन झोपू शकत नाहीत आणि खटला उभा राहण्याआधीच तक्रारीतून बाहेर पडतात. तिथल्या वकिलांच्या बोलीत ‘फ्लोटर’ असा एक शब्द आहे. ज्या खटल्याला दिवस मिळाला पण खोली मिळाली नाही तो फ्लोटर. आरोपी, फिर्यादी, साक्षीदार, दोन्हीकडचे वकील सगळे हजर. कुठल्या तरी कोर्टातलं काम लवकर आटोपलं तर आत घेणार, नाहीतर संध्याकाळी घरी पाठवणार.

हा ढीग कोविडमुळे साचला, असं राजकारणी सांगतात. अर्धं खरं आहे. मार्च २०२० मध्ये ज्यूरीचे खटले थांबले, पुढे बराच काळ अंतर राखून बसवाबसवी चालली, त्यात ढीग वाढला. पण तो वाढायला लागला होता २०१९ मध्येच, आणि त्याचं कारण विषाणू नव्हतं. इंग्लंडात ‘सिटिंग डे’ नावाचं एक माप आहे. वर्षभरात सगळी क्राउन कोर्टं मिळून किती दिवस बसतील, त्याचे पैसे सरकार आधी ठरवून देत आलं आहे. कोटा संपला की न्यायाधीश आहे, खोली आहे, आरोपी कोठडीत वाट बघतो आहे, तरी कोर्ट बसत नाही, कारण दिवस विकत घेतलेला नाही. २०१९ मध्ये सरकारने हा कोटा कापला. २०२५-२६ साठी तो १,१०,००० दिवसांवर नेला गेला. निवृत्त न्यायमूर्ती सर ब्रायन लेव्हसन यांनी जुलै २०२५ च्या अहवालात वर्षाला १,३०,००० दिवस हवेत असं लिहिलं. रेशन दुकानात साखर संपली म्हणतात तशी इथे सुनावणी संपते.

सुनावणी हा शब्द मला फार नेमका वाटतो. ती ऐकण्याची गोष्ट आहे. न्यायाधीशाची नेमणूक, वकिलाचा झगा, ज्यूरीची बाकं, हा सगळा डोलारा एका माणसाचं म्हणणं दुसऱ्याने शांतपणे ऐकावं यासाठी उभारलेला असतो. गेल्या पंधरा वर्षांत ब्रिटनने काय काय कापलं त्याची यादी काढली तर दर वेळी कात्री ऐकण्यावरच चाललेली दिसते.

सुरुवात पायऱ्यांपासून झाली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. तिकडच्या सरकारने पायरीच काढून टाकली. २०१० ते २०१९ या काळात ३२३ पैकी १६२ मॅजिस्ट्रेट कोर्टं बंद झाली. खर्च वाचवा, इमारती विका, असं धोरण होतं. लंडनचं बो स्ट्रीट कोर्ट तर त्याआधीच, २००६ मध्ये बंद झालं होतं. जिथे ऑस्कर वाइल्डला उभं केलं होतं, तिथे २०२१ पासून महागडं हॉटेल चालतं. गावातलं कोर्ट गेलं की किरकोळ गुन्ह्यातल्या गरीब आरोपीने दोन बस बदलून जिल्ह्याच्या गावी पोचायचं. वेळेत पोचला नाही तर वॉरंट.

मग वकील. इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने कायदेशीर मदत सुरू झाली. राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्याला तेव्हा वर्षच झालं होतं आणि दोन्हींमागचा विचार एकच होता: दवाखाना आणि वकील, दोन्ही खिसा बघून मिळू नयेत. आरोग्यसेवेला हात लावला की सरकार पडतं. कायदेशीर मदतीला हात लावला तर कुणाचं काही जात नाही, कारण ती आपल्याला कधी लागणार नाही अशीच प्रत्येकाची खात्री असते. या मदतीला कात्री लावणारा २०१२ चा कायदा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. घटस्फोट आणि मुलांचा ताबा, कर्ज, सरकारी भत्ते, नोकरीचे तंटे, आश्रयाखेरीज बहुतेक इमिग्रेशन, एवढे सगळे विषय मदतीच्या यादीतून बाहेर पडले. कौटुंबिक न्यायालयात आज नवरा-बायको दोघंही वकिलाविना समोरासमोर उभी राहतात. कोणता कागद कुठे लावायचा ते न्यायाधीश समजावून सांगत बसतो आणि वाचवलेले पैसे त्याच्या वेळेत खर्च होतात. दिवाणी मदतीच्या कामाचे दर १९९६ पासून वाढले नव्हते. २०११ मध्ये उलट १० टक्क्यांनी कापले गेले. त्या दरात हे काम करणारी कचेरी एक तर बंद पडते, नाहीतर मालकाच्या हट्टावर चालते. त्यात २०२५ च्या एप्रिलमध्ये कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संगणकांत चोर शिरले. अर्जदारांची वर्षानुवर्षांची खासगी माहिती गेली आणि बिलं भरण्याची व्यवस्था महिनोन्‌महिने बंद राहिली.

बॅरिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडीऐवजी विग घातलेला, विलायतेहून परतलेला, गाडीतून उतरणारा गृहस्थ येतो. मराठी कादंबऱ्यांनी आणि जुन्या सिनेमांनी ते चित्र पक्कं केलं. आपल्या आठवणीतली नावंही तशीच आहेत. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेले डॉ. आंबेडकर. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. त्यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पण बाईला वकिलीची सनद द्यायची की नाही हे ठरवायला इंग्लंडला आणखी तीस वर्षं लागली. त्या इंग्लंडात २७ जून २०२२ रोजी विग आणि काळे झगे घातलेले बॅरिस्टर लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टाच्या दारात फलक घेऊन उभे राहिले. संप! फौजदारी बॅरिस्टरांच्या संघटनेने दाखवलेला आकडा असा: पहिल्या तीन वर्षांतल्या बॅरिस्टरची खर्च वजा जाता मधली कमाई वर्षाला १२,२०० पौंड. तेव्हाच्या दराने रुपयांत केली तर ती बारा लाखांच्या घरात जाते आणि आपले वकील म्हणतील, चाललं की झकास. पण लंडनमधलं खोलीभाडं रुपयांत भरता येत नाही. प्रवासाचे आणि रात्र रात्र फाइल वाचण्याचे तास धरले, तर ही कमाई तिथल्या किमान वेतनाच्याही खाली येते.

बॅरिस्टरला पगार नसतो. तो एकटा धंदा करणारा माणूस, चेंबरमध्ये जागेचं भाडं भरतो. अशिलाशी थेट व्यवहार सहसा सॉलिसिटरचा. तो कागदपत्रं बांधून बॅरिस्टरला ‘ब्रीफ’ देतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर ही दुहेरी पद्धत १९७० च्या दशकापर्यंत चालू होती, तेव्हा जुन्या वकिलांना ती ओळखीची असेल. बॅरिस्टरवर ‘कॅब रँक’चा नियम लागू असतो: रांगेतल्या टॅक्सीवाल्यासारखं, पुढे आलेलं गिऱ्हाईक नाकारायचं नाही, मग तो खुनी असो की खासदार. संपाची पहिली पायरी म्हणून त्यांनी ‘रिटर्न’ घेणं बंद केलं. एकाच दिवशी दोन खटले आले की एक दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, तो रिटर्न. हा शेजारधर्म थांबल्यावर कळलं, की सगळा गाडा त्याच्यावरच चालत होता. सप्टेंबरात संप बेमुदत झाला आणि ऑक्टोबरमध्ये १५ टक्के वाढीवर मिटला. मतदानात ५७ टक्क्यांनी होकार दिला. म्हणजे दहातले चारजण तेव्हाही समाधानी नव्हते. अनुभवी मंडळी व्यापारी कज्ज्यांकडे वळली. तिथे एका दिवसाची फी फौजदारीतल्या महिन्याएवढी असू शकते. पोलिस ठाण्यात अपरात्री धावत जाणाऱ्या सॉलिसिटरांची पिढी म्हातारी होते आहे आणि मागून येणारे थोडे. त्यांच्या दरांबाबतचा सरकारचा एक निर्णय जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अतार्किक ठरवला.

इथवरची गोष्ट पैशाची होती. पोस्टाची गोष्ट विश्वासाची आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली तीच सर्वांत काळी.

ब्रिटनमधलं पोस्ट बऱ्याचदा कोपऱ्यावरच्या दुकानात असतं. दुकानदार तोच पोस्टमास्तर. त्यांत गुजराती, पंजाबी घरांतली माणसं मोठ्या संख्येने. १९९९ पासून फुजित्सू कंपनीने बनवलेली ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली या दुकानांत बसवली गेली. हळूहळू हिशेबात तूट दिसू लागली. दुकानदार म्हणे, मी पैसे घेतलेले नाहीत. संगणक म्हणे, गेले आहेत. पोस्टाला स्वतःच फिर्यादी होऊन खटला भरण्याचा अधिकार होता. ज्याचे पैसे गेले तोच तपास करणारा आणि तोच खटला चालवणारा. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली, त्यांतल्या सातशेहून अधिक जणांवर खुद्द पोस्टाने खटले भरले. कित्येकांनी तुरुंग टळावा म्हणून न केलेला गुन्हा कबूल केला, घरं गहाण टाकून तूट भरली. गावाने तोंड फिरवलं. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाने जुलै २०२५ मध्ये नोंदवलं, की तेरा जणांच्या आत्महत्या या प्रकरणाशी जोडलेल्या असू शकतात.

कोर्टांनी संगणकाचं का ऐकलं? १९८४ च्या पुराव्याच्या कायद्यात एक कलम होतं: संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवा. कटकटीचं वाटलं म्हणून संसदेने ते १९९९ मध्ये रद्द केलं. त्यानंतर गृहीत असं, की यंत्र बरोबर आहे. चूक आहे असं म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. चहा-पाव आणि तिकिटं विकणाऱ्या माणसाने फुजित्सूची प्रणाली चूक ठरवायची! पोस्टमास्तर अ‍ॅलन बेट्स आणि त्यांच्या साथीदारांनी ते २०१९ मध्ये करून दाखवलं. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. पण देश खडबडून जागा झाला तो जानेवारी २०२४ मध्ये, टीव्हीवर या प्रकरणावरची मालिका लागली तेव्हा. मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात पुसल्या. दुकानदार सुटले, बरंच झालं. तरी कोर्टाचा निकाल संसदेने पुसावा हे लोकशाहीत साधं नाही. ज्यांनी त्या माणसांचं ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं नाही, आणि शेवटी मालिका ऐकवावी लागली.

यंत्रावरचा हा भाबडा विश्वास वकिलांच्याही वाट्याला आला. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर अशी प्रकरणं आली, की वकिलांनी दाखल केलेल्या कागदांत अस्तित्वातच नसलेल्या निकालांचे दाखले होते. एका प्रकरणात ४५ दाखल्यांपैकी १८ हवेतले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भरवशावर पुढे असं कराल तर अवमानाची कारवाई होऊ शकते, असं न्यायाधीश डेम व्हिक्टोरिया शार्प यांनी बजावलं. कारकुनी कामाला माणूस परवडत नाही आणि यंत्र फुकट मिळतं, तिथे हे होणारच.

आणि जिथे कोणीच ऐकत नाही असं एक कोर्टही आहे. २०१५ पासून ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर’ सुरू आहे. टीव्हीचा परवाना नाही, गाडीचा विमा नाही, रेल्वेचं तिकीट नाही, अशा प्रकरणांत बिनपगारी मॅजिस्ट्रेट, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत ऑनररी मॅजिस्ट्रेट, बंद खोलीत कागद बघून दंड ठोठावतो. आरोपी नाही, वकील नाही, पत्रकार नाही. लाखो प्रकरणं अशी निकालात निघतात. ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’चे कोर्ट-वार्ताहर ट्रिस्टन कर्क यांनी ही कागदपत्रं चिकाटीने वाचली. आजारी माणसं, स्मृती गेलेली म्हातारी माणसं पत्रातून आपली अडचण कळवतात आणि ते पत्र खटला भरणारे वाचतच नाहीत, हे त्यांनी लोकांपुढे आणलं. ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्य मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी रेल्वेच्या तिकिटांच्या सुमारे ७४ हजार शिक्षा बाद होण्याचा रस्ता मोकळा केला. रेल्वे कंपन्या १८८९ च्या कायद्याखालचे गुन्हे या पद्धतीने चालवत होत्या आणि तसा अधिकारच त्यांना नव्हता. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात का आलं नाही? बंद खोलीत हरकत घ्यायला कोण होतं!

आता कात्री ज्यूरीवर आली आहे. लेव्हसन यांनी सुचवलं होतं, की तीन वर्षांपर्यंत शिक्षा होईल अशा मधल्या प्रकरणांत ज्यूरीऐवजी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट बसावेत. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायमंत्री डेव्हिड लॅमी यांनी एक पाऊल पुढे टाकलं: मॅजिस्ट्रेटही नकोत, एकटा न्यायाधीश पुरे. गंमत अशी, की याच लॅमींनी २०१७ मध्ये सरकारसाठी एक अहवाल लिहिला होता. पोलिसांपासून तुरुंगापर्यंत कृष्णवर्णीय आणि आशियाई माणसाला कुठे कुठे कमी न्याय मिळतो ते त्यात मोजलं होतं, आणि ज्यूरीच्या निकालात मात्र तसा भेदभाव दिसत नाही, असा निष्कर्ष होता. स्कॉटलंडचा कारभार वेगळा. तिथे पंधरा जणांची ज्यूरी असते, आणि बलात्काराचे काही खटले ज्यूरीविना चालवून बघायची कल्पना वकिलांच्या विरोधानंतर तिथल्या सरकारने सोडून दिली.

मराठी माणसाला ज्यूरीचं फार प्रेम वाटण्याचं कारण नाही. १८९७ मध्ये मुंबईत टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन. १९०८ मध्ये सात युरोपियन, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, आणि मंडालेची सहा वर्षं. ब्रिटिश पत्रकार चिरोलवरचा अब्रुनुकसानीचा दावा लढायला टिळक १९१८ मध्ये लंडनला गेले, १९१९ मध्ये तिथल्या ज्यूरीनेही त्यांना हरवलं. पुढे १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते मानलं नाही, आणि उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. त्या खटल्याने ज्यूरी गेली असं सांगितलं जातं, पण विधी आयोगाने आदल्या वर्षीच ती बंद करा म्हटलं होतं.

म्हणून ज्यूरी देवाघरची आहे, असं मी म्हणणार नाही. टिळकांच्या ज्यूरीत खोट होती ती बाकावर कोणाला बसवलं यात. माझा प्रश्न वेगळा आहे. ढीग साचला तो खोल्या बंद ठेवल्याने, दिवस विकत न घेतल्याने, वकील हाकलल्याने. बारा माणसं ऐकत बसली म्हणून तो साचलेला नाही. ज्यूरीविना खटल्याचा वेळ वीस टक्क्यांनी वाचेल असा अंदाज लेव्हसन यांनी मांडला. तो खरा धरला तरी उरलेल्या ऐंशी टक्क्यांसाठी खोली, वकील आणि कैदी वेळेवर आणणारी गाडी लागतेच. ही गाडी खासगी कंपनीची असते आणि तिची वाट बघत न्यायाधीश, वकील आणि ज्यूरी ताटकळत बसतात.

ओल्ड बेलीच्या इमारतीत एक जुना दगडी फलक आहे, १६७० च्या खटल्याचा. विल्यम पेन आणि विल्यम मीड यांना रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल उभं केलं होतं. ज्यूरी दोषी म्हणेना. न्यायाधीशाने बारा जणांना दोन रात्री अन्नपाण्याविना कोंडलं, दंड केला, तरी ते बधले नाहीत. पुढे ज्यूरीला निकालाबद्दल शिक्षा करता येत नाही, असं ठरलं. मार्च २०२३ मध्ये एक निवृत्त समाजसेविका इनर लंडन क्राउन कोर्टाबाहेर हातात पुठ्ठा धरून उभी राहिली. ज्यूरीतल्या माणसाला सदसद्विवेकाप्रमाणे निकाल द्यायचा अधिकार आहे, एवढंच त्यावर लिहिलं होतं. तिच्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती सैनी यांनी ती पुढे जाऊ दिली नाही. बाईंच्या पुठ्ठ्यावर जे होतं तेच ओल्ड बेलीतल्या दगडावर कोरलेलं आहे, याची त्यांनी निकालात नोंद केली. सरकारने आधी अपील केलं, मग सत्ता बदलल्यावर ऑगस्टमध्ये मागे घेतलं.